बंद पडलेली कार फाटकासमोर, मालक रायपूरला: नागपुरात ही उचलायची कोणी?

वाळवणवाली_काकू

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं नाव सांगतो, म्हणून इथे टाकते.

आमचं घर अंबाझरी तलावाच्या ओव्हरफ्लोच्या खालच्या अंगाला, एका जुन्या लेआउटमध्ये. रस्ता नकाशावर वीस फुटी. दोन्हीकडचे ओटे, कुंड्या आणि तुळशीवृंदावनं वजा केली की किती उरतो ते नागपूरकरांना मी काय सांगणार! त्यात आमच्या फाटकाच्या जरा पुढे एक पांढरी वॅगनआर उभी आहे. नंबर सीजी ०४, म्हणजे रायपूरचा.

२०२३च्या महालक्ष्म्या आठवतात ना? २२ सप्टेंबरला जेवणं झाली, पुरणाची भांडी घासून आम्ही निजलो आणि २३च्या पहाटे पाणी घरात. ही गाडी तेव्हा समोरच्या घरातल्या भाडेकरू पोराची होती. डॅशबोर्डपर्यंत बुडाली. विमा होता, पण फक्त थर्ड पार्टी. त्यात पुराचं नुकसान मिळत नाही हे त्यालाही तेव्हाच कळलं. पुढे त्याने नोकरी बदलली, सामान टेम्पोत भरलं, पाया पडला आणि म्हणाला, "काकू, गाडीचं बघतो." तेव्हापासून बघूनच राहिला आहे. पोरगा वाईट नाही हो, फोन केला की उचलतो, गोड बोलतो. समोरचे घरमालक अमेरिकेत मुलाकडे. त्यांच्यासाठी तर ही गाडी अस्तित्वातच नाही.

आता गाडीची दशा. चारही टायर बसलेत. बॅटरी कोणी तरी नेली, टेपही नेला. मागची काच फुटली, त्यामुळे पावसाळ्यात आत पाणी साचतं. खाली कुत्रीने पिल्लं घातली ती वेगळीच. संध्याकाळी बॉनेटवर कॉलेजची पोरं बसतात, त्यांना काही बोललं की आजी म्हणतात. आजी! मी अजून साठीची नाही.

मी उन्हाळ्यात पापड, सांडगे, कुरडयांच्या ऑर्डरी घेते. पोती घेऊन येणारा छोटा हत्ती टेम्पो फाटकापर्यंत येत नाही. कचरागाडी वळत नाही, डबा कोपऱ्यापर्यंत न्यावा लागतो. हे चालवून घेतलं असतं. पण मागे सासूबाईंना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं, तर ॲम्ब्युलन्स वळणावरच थांबली आणि स्ट्रेचर अंधारात, खड्ड्यांतून आम्ही चालत नेलं. तेव्हा ठरवलं की आता पुरे.

चौकशी केली. एका टेबलावर सांगितलं, गाडी चालत नाही म्हणजे तो कचरा, आमच्याकडे नाही. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, नंबरप्लेट आहे म्हणजे ते वाहन, आमच्याकडे नाही. तिसऱ्या ठिकाणी एका गृहस्थांनी चष्मा पुसत विचारलं, "मुळात तुमचा रस्ता नासुप्रचा, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचा, की महापालिकेचा?" मी म्हटलं, साहेब, पाणी भरलं तेव्हा त्याने नाही विचारलं!

तर मला कोणी नीट सांगाल का, अर्ज नेमका कोणाला द्यायचा? अशा गाडीसाठी काही कायदा आहे का? परराज्यातला नंबर असला की आपल्याकडे हात बांधलेले असतात का? आणि मी माझ्या पैशाने क्रेन लावून ती बाजूला करून टाकली तर माझ्यावर काही येईल का?

पोट्टा_धरमपेठचा

काकू, कशाले टेन्शन घेता? चार पोट्टे बोलवा, रात्री ढकलत नेऊन चौकात ठेवून द्या. चौकात दिसली की ट्रॅफिकवाले आपोआप उचलतात. नाही तर कबाड्याले द्या, दोन तासांत गायब. आणि गाडी पंधरा वर्षांची झाली असंल तर सरकार तशीही जप्त करते.

गॅरेज_मेडिकल_चौक

वरच्या भाऊचं काही ऐकू नका ताई. आपलं वय गाड्यांखाली गेलं, म्हणून सांगतो.

एक, ती ढकलल्या जाणारच नाही. पुराचं पाणी पिऊन उभी राहिलेली गाडी म्हणजे ब्रेक ड्रमले चिकटले, बेअरिंग गंजले. चार काय, दहा पोट्टे लावा, जागची हलली तर मले सांगा. हलली तरी उतारावर थांबवणार कशी? ब्रेक कुठाय?

दोन, कबाडी. शहाणा कबाडी आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, पाहिल्याशिवाय अख्ख्या गाडीले हात लावत नाही, अन् जो लावतो त्याच्याशी तुमचं नाव जोडून घेऊ नका. उद्या त्या पोराने रायपूरले बसून गाडी चोरीले गेल्याची तक्रार केली, तर कॅमेऱ्यात कोणाच्या फाटकासमोरून गेली ते दिसंल. सांगाड्यावरचा चेसिस नंबर कुठंही कापला तरी तो निघतेच.

तीन, पंधरा वर्षांचं. ते दिल्लीचं आहे. तिथं अन् आजूबाजूच्या एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल अन् पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली, २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. नागपुरात खासगी गाडीले पंधरा वर्षं झाली की पासिंग करून पाच वर्षं वाढवून मिळते, पर्यावरण कर भरा अन् चालवा. सरकारी गाड्यांचं वेगळं, १ एप्रिल २०२३पासून त्यांची पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढतच नाही. व्हॉट्सॲपवर सगळं एकत्र करून फिरवून राह्यले लोक.

तुमी आधी एक करा. एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाका. मालकाच्या नावाची अक्षरं अर्धी झाकलेली येतात, पण विमा कधी संपला, नोंदणी कधीपर्यंत आहे अन् गाडीवर फायनान्स आहे का, ते दिसते. फायनान्स असंल तर तो पोरगा काऊन टाळून राहिला ते तिथंच कळंल.

बाररूमचा_कारकून

मी वकील नाही. एका वकीलसाहेबांकडे कारकुनी करतो, त्यामुळे असे अर्ज हाताखालून जातात. काकू, जरा लांब लिहितो, पण तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं यात येतील.

वाहन की कचरा हा वाद कायद्याने शिल्लकच ठेवलेला नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. सार्वजनिक ठिकाणी गाडी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस किंवा लक्ष न देता सोडलेली असेल, तर त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी ती टोइंगने हलवण्याचा आदेश देऊ शकतो. दुसऱ्या पोटकलमात मोडकी, जळालेली, अर्धेमुर्धे भाग काढून नेलेली गाडी येते. ती रहदारीला धोका किंवा अडथळा होत असेल तर ताबडतोब हलवता येते, तिथे दहा तासांचीही वाट पाहायची नाही. तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे ओढून नेण्याचा खर्च मालकाच्या माथी. म्हणजे न चालणारी गाडी हाच या कलमाचा विषय आहे. याशिवाय कलम १२२ आहेच, धोका किंवा अडचण होईल अशी गाडी सोडून जायची नाही. आणि कलम २०१, बंद गाडी रस्त्यात ठेवून रहदारी अडवली तर ५०० रुपयांपर्यंत दंड. २०१९च्या दुरुस्तीआधी हा दंड तासाला ५० रुपये होता. तोच राहिला असता तर तुमच्या रायपूरकराच्या नावावर वर्षाला ४ लाख ३८ हजार चढले असते. मला विचाराल तर जुनंच बरं होतं.

नासुप्र की महापालिका? कलम १२७साठी हा प्रश्न गैरलागू. 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी कुठलीही जागा, अशी व्याख्या कलम २(३४)मध्ये दिली आहे. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. तुमच्या रस्त्यावरून दूधवाला, पोस्टमन, कचरागाडी जाते ना? संपलं. हीच गाडी एखाद्या सोसायटीच्या आवारात असती तर मात्र गोष्ट वेगळी झाली असती. तिथे आधी सोसायटीचे उपविधी आणि समितीची नोटीस, पोलीस सहसा आत येऊन गाडी उचलत नाहीत.

महापालिकेलाही अधिकार आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३० आणि २३१प्रमाणे रस्त्यावर ठेवून अडथळा करणारी वस्तू आयुक्तांना नोटीस न देताही हटवता येते. एक सांगतो, नागपूरला आधी १९४८चा स्वतःचा महापालिका कायदा होता, २०१२मध्ये तो जाऊन राज्याचा लागू झाला. लोकांकडे फिरणाऱ्या जुन्या अर्जांच्या नमुन्यांत अजून तीच कलमं असतात. ती उतरवून काढू नका.

तरी पहिला अर्ज पोलिसांनाच द्या. गाडीला नंबर आहे म्हणजे कोणी तरी मालक आहे, आणि ती चोरीची किंवा कुठल्या गुन्ह्यातली तर नाही, हे तपासण्याचं काम त्यांचंच. अर्ज तुमच्या ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने, प्रत वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना आणि महापालिकेच्या तुमच्या झोनच्या सहायक आयुक्तांना. तिन्हीकडे आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्यायची, तोंडी सांगून घरी यायचं नाही. अर्जात रागावू नका. ॲम्ब्युलन्सचा प्रसंग तारखेसह लिहा, गाडी सोडून रस्ता किती फूट उरतो ते टेप लावून मोजून लिहा, तारखेचे फोटो जोडा. कुत्री, पापड आणि बॉनेटवरची पोरं वगळा. काकू, माफ करा, पण साहेबांना अडथळा दिसला पाहिजे, करमणूक नको. शेवटी दोनच मागण्या: पंचनामा करावा आणि कलम १२७ प्रमाणे गाडी हलवावी.

परराज्याचा नंबर आड येत नाही. कलम १२७ गाडी कुठे उभी आहे ते बघतं, कुठे नोंदली ते नाही. उलट गाडी बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो, तोही त्या मुलाने घेतलेला नाही.

आता पोलीस का टाळतात, तेही समजून घ्या. कायदा अधिकार देतो, सक्ती करत नाही. आणि गाडी एकदा ताब्यात घेतली की ती सांभाळायची जबाबदारी येते. मालक पुढे आला नाही तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४५७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५०३. मालकाचा पत्ता लागला नाही तर उद्घोषणा काढतात आणि हक्क सांगायला सहा महिने देतात. तोवर गाडी ठाण्याच्या आवारात कुजते. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जप्त गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं पडू देण्यात काही अर्थ नाही, त्यांचा लवकर निकाल लावा. तरी कुठल्याही ठाण्याच्या भिंतीलगत एक चक्कर मारून बघा.

म्हणून माझं मत असं: अर्ज द्या, पण त्याचा खरा उपयोग मालकाला हलवायला करा. त्याला पोच घेतलेल्या अर्जाचा फोटो पाठवा, आणि सोबत हेही कळवा की विमा संपलेल्या उभ्या गाडीमुळे कोणाला इजा झाली तरी नुकसानभरपाई त्याच्या अंगावर येऊ शकते. शिवाजी दयानू पाटील प्रकरणात १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे की बंद पडून उभी असलेली गाडीही कायद्याच्या दृष्टीने 'वापरात' असते. तिथे पुणे-बंगळूर महामार्गावर उलटून पडलेला पेट्रोलचा टँकर काही तासांनी पेटला होता. 'मी तर गाडी विकली' असं तुमचा रायपूरकर म्हणाला, तर २०१८चा नवीनकुमार निकाल आहे: आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, जबाबदार तोच.

स्वतः क्रेन लावू नका. मालकाची लेखी संमती असल्याशिवाय तर नाहीच.

सिस्टर_अजनी

गाडीचं व्हायचं तेव्हा होईल, आत साचलेल्या पाण्याचं आज बघा. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत डास उडतो, आणि तो दिवसा चावतो. महापालिकेच्या हिवताप-हत्तीरोग विभागाला कळवा, ते येऊन औषध टाकतात. त्यांच्या भेटीची नोंदही अर्जाला जोडता येते. तोवर फुटलेल्या काचेवर ताडपत्री बांधून घ्या. गाडीला हात लावल्याचा कोणी बाऊ केला तर माझं नाव सांगा.

वाळवणवाली_काकू

सगळ्यांचे आभार. सिस्टर, ताडपत्री बांधली, पापडाचीच आहे.

ॲप उघडून घेतलं भाच्याकडून. विमा केव्हाच संपलेला आहे, आणि गॅरेजवाले भाऊ म्हणाले तसंच, गाडीवर फायनान्सची नोंद दिसते. पोराला विचारलं, तर म्हणतो हप्ते सगळे भरले. मग नाव का दिसतं? तो म्हणतो, "काकू, ते बघायचं राहूनच गेलं." ह्या मुलाचं काय काय राहून गेलं आहे देव जाणे.

कारकूनदादा, अर्ज तुम्ही म्हणालात तसा लिहिला. टेप लावून मोजलं तर गाडीच्या बाजूला जेमतेम सात फूट उरतात. कुत्री वगळली. पापड वगळताना जीवावर आलं, पण वगळले.

फियाटवाला_महाल

काकू, मी पलीकडच्या बाजूचा माणूस. माझ्याच वडिलांची प्रीमियर पद्मिनी आमच्या वाड्याला लागून गल्लीत वर्षानुवर्षं उभी होती आणि शेजारी माझ्या नावाने बोटं मोडत होते. म्हणून दोन शब्द त्या पोराच्या वतीने, आणि जास्त तुमच्या कामाचे.

गाडी रस्त्यात पडून राहते ती बहुतेक वेळा कागद अडकल्यामुळे. आमच्याकडे बाबा गेले, गाडी त्यांच्या नावावर. नियमाप्रमाणे वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव लावून घ्यायचं. दिवसकार्यात कोणाला सुचतं हे? मग बहिणीची सही हवी. ती यवतमाळला. सही मिळायला उशीर झाला तो अंतरामुळे नाही, तिला बाबांची गाडी मोडू द्यायची नव्हती, आणि तसं स्पष्ट म्हणायचंही नव्हतं. गल्लीतल्या लोकांना फक्त गंजलेला पत्रा दिसत होता. त्यांचंही बरोबरच होतं, पाण्याचा टँकर अडायचा.

शेवटी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली. ह्याचे नियम सप्टेंबर २०२१मध्ये आले. तुमच्या पोराच्या कामाच्या गोष्टी सांगतो. गाडी कुठल्या राज्यात नोंदली आहे याचा प्रश्न येत नाही, रायपूरची गाडी महाराष्ट्रातल्या केंद्रात मोडता येते. पंधरा वर्षं पूर्ण व्हायला हवीत असंही नाही. आग, दंगल, अपघात, नैसर्गिक आपत्ती यांत खराब झालेली गाडी मालक स्वतः 'ही भंगार आहे' असं लिहून देऊन मोडायला देऊ शकतो, हे नियमातच आहे. पुराची गाडी त्यात सरळ बसते.

केंद्रवाले आधी सरकारच्या वाहन पोर्टलवर बघतात, गाडी चोरीची तर नाही, काळ्या यादीत तर नाही, आणि फायनान्सचा बोजा तर नाही. घोडं तिथेच अडतं. कर्ज फिटलं तरी नोंद आपोआप पुसली जाते असं नाही. बँकेकडून फॉर्म ३५ आणि ना हरकत पत्र घेऊन आरटीओत बोजा उतरवावा लागतो. हे काम रायपूरच्या आरटीओचं. तो तिथेच बसलाय ना, मग त्याला एवढंच करू द्या. पुरात आरसी वाहून गेली असेल तर दुय्यम प्रतीचंही त्याच फेरीत बघायला सांगा.

मला मूळ आरसी, वारसाचे कागद, पॅन, ओळखपत्र आणि रद्द केलेला धनादेश मागितला. पैसे वजनावर, भंगाराच्या भावाने, थेट खात्यात. भावाची फार आशा नको, इंजिन-बॅटरी नसेल तर अजून कमी. पण गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नवी खासगी गाडी घेताना रस्ता करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात ती २५ टक्क्यांपर्यंत आहे, राज्य किती देतं ते त्या वेळी विचारून घ्यायचं. स्वतःला गाडी घ्यायची नसेल तर ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं. पुढे गाडी मोडल्याचं वेगळं प्रमाणपत्र येतं आणि नोंदणी कायमची रद्द होते. ते हातात आल्याशिवाय पोराने फाइल बंद करू नये. कबाड्याला दिलेली गाडी कागदावर जिवंतच राहते, आणि तिची प्लेट दुसऱ्या कुठल्या गाडीवर चढली तर चलान मूळ मालकाच्या मोबाइलवर.

मुलाला रागाने नका बोलू. 'कर कमी होईल' म्हणा. माझ्यावर तेच चाललं.

वाळवणवाली_काकू

जरा उशिराने लिहिते आहे, वाळवणाचे दिवस होते.

झालं ते सांगते. अर्ज तिन्हीकडे दिला, पोच घेतली. काही दिवसांनी एक हवालदार आले, फोटो काढले, शेजाऱ्यांना विचारलं आणि पुढच्या काचेवर नोटीस चिकटवून गेले. कागद पाहिल्याबरोबर बॉनेटवरची पोरं उठली ती आलीच नाहीत, हा वरचा फायदा. मी नोटिशीचा फोटो रायपूरला पाठवला आणि कारकूनदादांनी लिहिलेलं टँकरचं प्रकरण जसंच्या तसं खाली टाकलं. त्या रात्री पहिल्यांदा त्याने आपणहून फोन केला. घाबरला होता. मग मी फियाटवाल्या दादांचं कर सवलतीचं सांगितलं, तेव्हा जरा माणसात आला. त्याला तिकडे नवी गाडी घ्यायचीच आहे म्हणे. अरे मग!

बँकेचं ना हरकत पत्र मिळालं, बोजा उतरला, ॲपवर आता फायनान्स दिसत नाही. आरसी त्याच्या आईच्या कपाटात होती. स्क्रॅपवाल्यांशी त्याचं बोलणं झालं, पुढच्या आठवड्यात गाडी न्यायला येतील. ठाण्यातही तसं लेखी कळवलं.

आता तो म्हणतो, मला यायला जमत नाही, तुमच्या नावाने अधिकारपत्र पाठवतो, तुम्हीच ताबा द्या. घेऊ का? आणि किल्ली त्याच्याकडूनच हरवली आहे, स्टेअरिंग लॉक आहे, चाकं तर फिरतच नाहीत. फाटकाचा खांब मागच्याच वर्षी नवा बांधला आहे हो.

बाररूमचा_कारकून

घ्या, पण त्यात एवढंच असू द्या: अमुक नंबरची गाडी, अमुक केंद्राच्या प्रतिनिधीला, मोडण्यासाठी ताब्यात देणे. पैसे घेणे, फॉर्मवर मालक म्हणून सही करणे, असलं काही नको. त्याच्या ओळखपत्राची प्रत सोबत. ताबा देताना केंद्राच्या माणसाचं ओळखपत्र आणि चेसिस नंबरचा फोटो काढून ठेवा. ओढून नेण्याची पावती त्याच्या नावाने फाडायला लावा, तुमच्या नाही. ठेव प्रमाणपत्र त्याला मिळालं की त्याची प्रत ठाण्यात जमा करा, म्हणजे तुमचा अर्ज निकाली निघेल.

गॅरेज_मेडिकल_चौक

खांबाची काळजी नको ताई, फक्त हायड्रा क्रेन येऊ देऊ नका. तो साखळी बांधून उचलते अन् वळवताना गाडी झोके घेते. चपटी टोइंग गाडी पाठवा म्हणा, दोराने ओढायचा विंच असलेली, अन् चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या आणा म्हणा. हे फोनवरच सांगा, आल्यावर नाही. किल्लीचं काही अडत नाही, पुढचे चाक ट्रॉलीवर चढले की लॉक राहिला तरी चालते. सकाळी लवकर बोलवा, समोरच्या गाड्या निघायच्या आधी नाही, नंतर. अन् आदल्या दिवशी पिल्लं हलवून घ्या, कुत्री त्या लोकांले जवळ येऊ देणार नाही.